रविवारची वाचने आणि शिपायाची सदसद्विवेकबुद्धी

ख्रिस्ती धर्मातील अहिंसेचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा बहुधा दोन नावांपाशी येऊन थांबते : एक टॉल्स्टॉय आणि दुसरे महात्मा गांधी. गांधीजींनी विद्यार्थिदशेत लंडनमध्ये गिरिप्रवचन वाचले व ते त्यांच्या अंतःकरणाला भिडले, पुढे १८९४ साली दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉयचे 'द किंग्डम ऑफ गॉड इज विदिन यू' हे पुस्तक त्यांच्या हाती आले, हा इतिहास सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु या इतिहासातील एका गोष्टीकडे आपले सहसा लक्ष जात नाही. हे दोघेही धर्मग्रंथ एकान्तात वाचत होते, आणि त्यातले आपल्याला पटले ते घेत होते. जुन्या करारातील उत्पत्तीनंतरची प्रकरणे वाचताना आपल्याला हमखास झोप येई, हे गांधीजींनी आत्मकथेत मोकळेपणाने सांगितलेच आहे.

चर्चमध्ये रविवारी येऊन बसणाऱ्या सामान्य ख्रिस्ती माणसाला ही सोय नसते. त्या दिवशी जे वाचन नेमून दिलेले असेल ते त्याला ऐकावे लागते, आणि वेदीवरच्या धर्मगुरूला त्याच वाचनावर बोलावे लागते. आपला कीर्तनकार निरूपणाचा अभंग स्वतः निवडतो. रोमन कॅथलिक धर्मगुरूला ते स्वातंत्र्य नाही. वरवर पाहता हे बंधन वाटते. प्रस्तुत लेखात मला असे दाखवावयाचे आहे की, एका लहानशा देशात, एका कठीण काळात, याच बंधनातून सदसद्विवेकबुद्धीला जाग आणणारी एक मोठी शक्ती निर्माण झाली. तो देश म्हणजे मध्य अमेरिकेतील एल साल्वाडोर आणि तो काळ १९७७ ते १९८० हा.

आधी या वाचनांच्या व्यवस्थेविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण पुढचे सारे विवेचन तिच्यावर उभे आहे. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेपूर्वी (१९६२ ते १९६५) कॅथलिक मिस्सा जगभर लॅटिन भाषेत होत असे आणि वर्षभराची ठरावीक वाचने दरवर्षी पुन्हा येत. जुन्या कराराला रविवारी फारसे स्थान नव्हते. परिषदेनंतर १९६९ साली नवी वाचनमाला तयार झाली. तिच्यात तीन वर्षांचे चक्र आहे. पहिल्या वर्षी प्रामुख्याने मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क आणि तिसऱ्या वर्षी लूक यांचे शुभवर्तमान वाचले जाते. योहानाचा भाग विशेषतः प्रायश्चित्तकाळात व पुनरुत्थानकाळात येतो. प्रत्येक रविवारी तीन वाचने : एक बहुधा जुन्या करारातून, दुसरे प्रेषितांच्या पत्रांतून, तिसरे शुभवर्तमानातून. आणि ही सारी लोकांच्या भाषेत. वसईच्या चर्चमध्ये ती मराठीत वाचली जातात, तशी एल साल्वाडोरमध्ये स्पॅनिशमध्ये. ज्याला अक्षरओळख नाही अशा शेतमजुरालाही, तीन वर्षे नेमाने चर्चला गेल्यास, बायबलचा बराच मोठा भाग कानावरून जातो. या सुधारणेचा राजकीय परिणाम काय होईल हे ती करणाऱ्यांनी कितपत जोखले होते कोण जाणे!

आता देशाविषयी. एल साल्वाडोरचे क्षेत्रफळ सुमारे २१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा जेमतेम पंधरावा हिस्सा. कॉफी हे मुख्य पीक आणि उत्तम जमीन मोजक्या घराण्यांच्या हातात. १९३२ साली तेथील शेतकऱ्यांनी उठाव केला, तो लष्कराने अशा निर्दयपणे मोडून काढला की मेलेल्यांची संख्या दहा हजारांपासून तीस हजारांपर्यंत सांगितली जाते. तेव्हापासून पुढची जवळजवळ पन्नास वर्षे सत्ता लष्करी अधिकाऱ्यांकडे राहिली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. ज्या सैनिकांकडून शेतकऱ्यांवर गोळ्या झाडवल्या जात, ते सैनिक स्वतः शेतकऱ्यांचीच पोरे होती. गरिबीपायी भरती झालेली किंवा सक्तीने उचलून नेलेली. बंदूक धरणारा हात आणि कुदळ धरणारा हात पुष्कळदा एकाच घरचे असत.

फेब्रुवारी १९७७ मध्ये ऑस्कर आर्नुल्फो रोमेरो हे सान साल्वाडोरचे आर्चबिशप झाले तेव्हा जमीनदारवर्गाला समाधान वाटले आणि तरुण धर्मगुरू हिरमुसले. हे गृहस्थ पुस्तकांत रमणारे, भिडस्त, परंपरेला चिकटून राहणारे म्हणून ओळखले जात. १९१७ साली सिउदाद बारिओस या डोंगरी गावात त्यांचा जन्म झाला. वडील तारमास्तर होते आणि ऑस्कर काही दिवस सुताराच्या हाताखाली काम शिकत होते. १९४२ मध्ये रोम येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली. अशा माणसाकडून गडबड होण्याची कोणालाच भीती नव्हती.

मग १२ मार्च १९७७ चा दिवस आला. रोमेरो यांचे स्नेही, येशूसंघीय धर्मगुरू रुतिलियो ग्रांदे हे मिस्सा अर्पण करण्यासाठी जीपमधून एल पाइस्नाल गावी निघाले होते. बरोबर ७२ वर्षांचे मान्वेल सोलोर्सानो आणि १६ वर्षांचा नेल्सन लेमुस हे होते. वाटेत तिघांनाही गोळ्या घालून ठार करण्यात आले. ग्रांदे यांचा अपराध एवढाच की, ते शेतमजुरांचे लहान लहान गट करून त्यांच्याबरोबर बायबल वाचत आणि या वचनाचा तुमच्या मजुरीशी, तुमच्या जमिनीशी काय संबंध, असे त्यांनाच विचारीत. रोमेरो यांनी पुढच्या रविवारी, २० मार्चला, संपूर्ण धर्मप्रांतात एकच मिस्सा होईल असे जाहीर केले. इतर सर्व चर्चमधील मिस्सा रद्द झाल्या आणि सुमारे एक लाख माणसे राजधानीतील कॅथीड्रलपुढे जमली. खुनाचा तपास लागेपर्यंत आपण कोणत्याही सरकारी समारंभाला जाणार नाही, असेही त्यांनी सांगितले व तो शब्द पाळला. त्याच वर्षी १ जुलैला नव्या राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी झाला, तेव्हा आर्चबिशपांची खुर्ची रिकामी होती. (राष्ट्राध्यक्षांचे आडनावही रोमेरोच होते, नाते मात्र काही नव्हते.)

येथून त्यांची रविवारची प्रवचने हा देशाच्या जीवनातील एक नित्य प्रसंग बनला. धर्मप्रांताच्या 'वाय. एस. ए. एक्स.' या रेडिओकेंद्रावरून ती प्रसारित होत आणि खेड्यापाड्यांतून लोक ट्रान्झिस्टरभोवती बसून ऐकत. प्रवचन तास-दीड तास चाले. (आमचा तास पन्नास मिनिटांचा, तोही काहींना जड जातो!) त्याची घडण बहुतेक ठरलेली असे. प्रथम तिन्ही वाचनांचा अर्थ, तोही सावकाश, एकेक मुद्दा घेऊन. नंतर धर्मप्रांतातील घडामोडी : कुठल्या गावी कोणता सण, कोण आजारी, कोणत्या धर्मभगिनींनी काय काम सुरू केले. आणि शेवटी देशातील त्या आठवड्याच्या घटना. कोणाला कोठून पकडून नेले, कोणाचे प्रेत कोठे सापडले, कोण बेपत्ता आहे, हे नावे घेऊन, तारखा सांगून. धर्मप्रांताच्या कायदेसाहाय्य कार्यालयातील मंडळी ही माहिती तपासून देत. वृत्तपत्रांत जे छापून येत नसे ते रविवारी सकाळी वेदीवरून वाचले जाई.

या रचनेतच त्यांच्या प्रवचनांचे मर्म आहे, असे मला वाटते. शास्त्रवचन आणि बातमी शेजारी शेजारी ठेवली की तिसरे काही फारसे सांगावे लागत नाही. आणि वचन तर वक्त्याने निवडलेले नाही! आर्चबिशपांनी सरकारला टोचण्यासाठी अमुक उतारा मुद्दाम शोधून काढला, असा आरोप करावयाला जागाच उरत नाही. तो उतारा त्या रविवारी मुंबईतही वाचला गेला आहे आणि मनिलातही.

एक उदाहरण घेऊ. २७ नोव्हेंबर १९७७ हा आगमनकाळाचा पहिला रविवार होता. चक्रातील पहिले वर्ष सुरू होत होते आणि त्या दिवसाचे पहिले वाचन यशया संदेष्ट्याच्या दुसऱ्या अध्यायातील होते. राष्ट्रे आपल्या तलवारी मोडून त्यांचे नांगराचे फाळ करतील आणि युद्धकला शिकणे सोडून देतील, असे स्वप्न त्यात रंगवले आहे. त्याच महिन्यात सरकारने सार्वजनिक सुव्यवस्थेच्या नावाखाली एक कडक कायदा संमत केला होता व चर्चचे लोक हिंसेला चिथावणी देतात असा प्रचार जोरात चालू होता. रोमेरो यांनी या आरोपाला उत्तर दिले ते असे की, आम्ही हिंसेचा उपदेश केलेला नाही. केला असेल तर तो प्रेमाच्या हिंसेचा, म्हणजे ज्या हिंसेने ख्रिस्ताला क्रुसावर खिळले जाऊ दिले आणि जी प्रत्येकाने स्वतःचा स्वार्थ जिंकण्यासाठी स्वतःवरच करावयाची असते तिचा. शस्त्रांचे विळे करू पाहणारी हिंसा ती हीच, असा त्यांचा आशय होता. संदेष्ट्याच्या प्रतिमेतले लोखंड जसे वितळवून पुन्हा घडवावे लागते तसे मनाचेही, असे त्यांना सुचवावयाचे होते. विळा हे शब्दचित्र उसाच्या आणि कॉफीच्या मळ्यात राबणाऱ्या श्रोत्यांना समजावून सांगण्याची गरज नव्हती.

येथे अहिंसेच्या अभ्यासकाने जरा थांबावयास हवे. रोमेरो हे टॉल्स्टॉयच्या अर्थाने संपूर्ण अहिंसावादी होते काय? माझ्या मते नव्हते, आणि त्यांना तसे रंगवणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. ऑगस्ट १९७८ मध्ये त्यांनी बिशप आर्तुरो रिवेरा इ दामास यांच्यासह जे धर्मपत्र काढले त्यात हिंसेचे निरनिराळे प्रकार वेगळे केले आहेत. समाजरचनेतच मुरलेली हिंसा, राज्यसंस्थेची दडपशाही, दहशतवाद्यांची हिंसा, हल्ला झाल्यावर उत्स्फूर्तपणे उसळणारी हिंसा आणि न्याय्य स्वसंरक्षण. शेवटच्या प्रकाराला चर्चच्या परंपरेप्रमाणे त्यांनी अगदी तुरळक व कडक अटींवर मान्यता दिली आहे. पण त्यांचा सगळा कल अहिंसेच्या बळाकडे आहे.

शिवाय त्यांचा तराजू एका बाजूला झुकलेला नव्हता. १९७७ च्या एप्रिलमध्ये डाव्या गनिमांनी परराष्ट्रमंत्री माउरिसिओ बोर्गोनोवो यांना पळवून नेले आणि १० मे रोजी त्यांचे प्रेत सापडले. दुसऱ्याच दिवशी सूड म्हणून आल्फोन्सो नावार्रो या तरुण धर्मगुरूचा खून झाला. रोमेरो यांनी दोघांच्याही अंत्यविधीत प्रवचन केले. एक सत्ताधारी वर्गाचा मंत्री, दुसरा गरिबांच्या वस्तीतला धर्मगुरू. खून तो खूनच. यामुळे उजवे तर त्यांच्यावर संतापलेच, पण काही डाव्यांनाही त्यांचे बोलणे मिळमिळीत वाटले. त्यांच्या सहकारी बिशपांपैकीही बहुतेक त्यांच्या विरोधात होते. ठामपणे पाठीशी उभे राहिले ते एकटे रिवेरा.

आता सदसद्विवेकबुद्धीच्या मुख्य प्रश्नाकडे वळू. मराठीत हा शब्द मोठा लांबलचक आहे, पण अर्थाने नेमका आहे : सत् आणि असत् यांचा विवेक करणारी बुद्धी. तो निवड करणारा शब्द आहे. लॅटिनमधील 'कॉन्शिएन्शिया' या शब्दाचा मूळ अर्थ 'बरोबरीने जाणणे' असा आहे. आपण जे करतो ते आपल्याबरोबर आणखी कोणीतरी आत बसून जाणत आहे, अशी काहीशी त्याची छटा. त्यापासून आलेल्या स्पॅनिश 'कोन्सिएन्सिया' या शब्दाचे दोन अर्थ होतात : सदसद्विवेकबुद्धी आणि शुद्ध, भान. माणूस शुद्धीवर आला, असे म्हणावयाचे असले तरी हाच शब्द येतो. रोमेरो यांच्या शेवटच्या रविवारच्या प्रवचनात या दुहेरी अर्थाला फार महत्त्व आहे.

हुकूम एका बाजूला आणि सदसद्विवेक दुसऱ्या बाजूला असा पेच पडला तर साध्या ख्रिस्ती माणसाने काय करावे? चर्चने या प्रश्नाचे उत्तर फार काळ संदिग्ध ठेवले होते. ऑस्ट्रियातील सांक्ट राडेगुंड या खेड्यातला शेतकरी फ्रान्झ येगरश्टेटर याने हिटलरच्या सैन्यात लढण्यास नकार दिला तेव्हा त्याच्या धर्मगुरूंनी आणि खुद्द लिंझच्या बिशपांनी त्याला बायको व तीन लहान मुलींचा विचार करावयास सांगितले. युद्ध न्याय्य आहे की नाही हे ठरवणे तुझे काम नव्हे, असा त्या सल्ल्याचा रोख होता. त्याने तो मानला नाही. ९ ऑगस्ट १९४३ रोजी ब्रांडेनबुर्ग येथील तुरुंगात त्याचा शिरच्छेद झाला. वय ३६ वर्षांचे. युद्धानंतर त्याच्या गावातही त्याचे नाव अभिमानाने घेतले जात नसे, कारण गावातले इतर पुरुष निमूटपणे लढायला गेले होते.

या विस्मृत शेतकऱ्याचा आपल्या मुंबईशी एक धागा जुळतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ गॉर्डन झान यांनी १९६४ साली त्याच्यावर पुस्तक लिहिले आणि पुढच्याच वर्षी व्हॅटिकन परिषदेत युद्ध व शांतता या विषयाची चर्चा सुरू असताना येगरश्टेटरचे उदाहरण पुढे आणले ते आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स यांनी. हे रॉबर्ट्स म्हणजे १९३७ ते १९५० या काळातील मुंबईचे आर्चबिशप. आपल्या जागी भारतीय माणूस यावा म्हणून ते मागे सरले आणि त्यांच्यानंतर व्हॅलेरियन ग्रेशस हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले, ही गोष्ट आपल्याकडील जुन्या लोकांना ठाऊक असेल. अधिकारपद सोडून देणाऱ्या माणसाने हुकूम नाकारणाऱ्या माणसाची बाजू मांडावी, यात मला एक संगती दिसते. ७ डिसेंबर १९६५ रोजी परिषदेने आधुनिक जगातील चर्चविषयीचा जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात सामूहिक संहाराचे हुकूम हे गुन्हे आहेत व आंधळे आज्ञापालन ही त्याची सबब होऊ शकत नाही, असे स्पष्ट सांगितले आहे. अशा हुकमांना उघडपणे विरोध करणाऱ्यांच्या धैर्याची त्यात स्तुती आहे, आणि विवेकाला स्मरून शस्त्र धरण्याचे नाकारणाऱ्यांसाठी कायद्याने मानवी तरतूद करावी, असेही म्हटले आहे. येगरश्टेटरला चर्चने 'धन्य' घोषित केले ते २००७ साली.

म्हणजे १९८० साली रोमेरो जे बोलले ते तत्त्व म्हणून नवे नव्हते. पंधरा वर्षांपूर्वी सर्व बिशपांनी मिळून कागदावर उमटवलेले ते तत्त्व होते. नवे होते ते हे की, त्यांनी ते कागदावरून उचलले आणि ज्याच्या हातात बंदूक आहे त्याच्या कानात सांगितले.

प्रसंग असा. ऑक्टोबर १९७९ मध्ये लष्करातील तरुण अधिकाऱ्यांनी सत्ता घेतली. सुधारणांची आश्वासने मिळाली. रोमेरो यांनीही सुरुवातीला काही आशा धरली. पण खून वाढतच गेले. १७ फेब्रुवारी १९८० रोजी त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांना पत्र लिहून लष्करी मदत न देण्याची विनंती केली. त्याच सुमारास रेडिओकेंद्र बॉम्बने उडवण्यात आले. ते दुरुस्त होऊन पुन्हा सुरू झाले तो रविवार २३ मार्च १९८० चा, प्रायश्चित्तकाळातला पाचवा. स्थळ सेक्रेड हार्ट बॅसिलिका.

त्या दिवसाची नेमलेली वाचने अशी होती. पहिले यशयाच्या ४३ व्या अध्यायातील : ज्याने समुद्रातून वाट काढून आपल्या लोकांना बाहेर आणले तो देव मागचे विसरा, मी नवे घडवीत आहे, असे सांगतो. दुसरे पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातील : मागच्या गोष्टींकडे न पाहता पुढच्या लक्ष्याकडे धावणाऱ्या माणसाचे मनोगत. तिसरे योहानाच्या आठव्या अध्यायातील, व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीचे. रोमेरो यांनी या तीन वाचनांतून मुक्तीच्या तीन पायऱ्या काढल्या : व्यक्तीची मुक्ती, समाजाची मुक्ती आणि या जगापलीकडे जाणारी मुक्ती. व्यक्तीची मुक्ती त्यांनी त्या स्त्रीच्या कथेत पाहिली. जमाव जिला केवळ एक गुन्हा म्हणून पाहतो तिच्याशी येशू माणूस म्हणून बोलतो.

ही कथा पुष्कळांना माहीत असते, पण तिच्यातील एक तपशील नजरेतून निसटतो. जमावाचे म्हणणे बेकायदा नव्हते. दगडमाराची शिक्षा नियमशास्त्रात सांगितलेली होती. येशू कायद्याविषयी वाद घालत नाही, स्त्री निरपराध आहे असेही म्हणत नाही. तो फक्त दगड धरलेल्या प्रत्येकाला स्वतःकडे पाहावयास लावतो. मग ते एकेक करून, वयस्क माणसांपासून सुरुवात करून, निघून जातात. 'एकेक करून' हे मला महत्त्वाचे वाटते. आलेला होता तो जमाव. गेली ती सुटी सुटी माणसे. जमावाला सदसद्विवेक नसतो, तो सुट्या माणसाला असतो.

दीड तासाहून अधिक चाललेल्या त्या प्रवचनाच्या अखेरीस, आठवड्यातील मृतांची माहिती देऊन झाल्यावर, रोमेरो यांनी लष्करातील माणसांना, आणि विशेषकरून नॅशनल गार्ड, पोलीस व छावण्यांतील साध्या शिपायांना, हाक दिली. तुम्ही आमच्याच लोकांतले आहात, तुम्ही आपल्याच शेतकरी भावांना मारीत आहात, असे ते म्हणाले. माणसाने दिलेल्या मारण्याच्या हुकमापेक्षा हत्या न करण्याची देवाची आज्ञा वरचढ ठरली पाहिजे. देवाच्या नियमाविरुद्ध असलेला हुकूम पाळण्यास कोणताही शिपाई बांधलेला नाही. आता वेळ आली आहे ती आपली 'कोन्सिएन्सिया' परत मिळवण्याची. विवेक परत मिळवा आणि शुद्धीवर या, असे दोन्ही अर्थ त्या एका शब्दात ऐकू आले असतील. आणि मग तीन क्रियापदे चढत्या क्रमाने आली. मी याचना करतो, मी विनवणी करतो, देवाच्या नावाने मी तुम्हाला आज्ञा करतो : दडपशाही थांबवा. टाळ्यांच्या कडकडाटाचा आवाज आजही त्या ध्वनिफितीत ऐकू येतो.

व्यभिचारी स्त्रीची कथा आणि ही हाक यांचा दुवा रोमेरो यांनी स्वतः या शब्दांत जोडला होता असा माझा दावा नाही. हे माझे वाचन आहे. पण ज्या सकाळी दगड खाली ठेवणाऱ्यांची कथा वाचली गेली त्याच सकाळी बंदूक खाली ठेवण्याची हाक आली, हा योग श्रोत्यांच्या मनावरून अगदीच ओघळून गेला असेल असे वाटत नाही.

या हाकेवर दोन आक्षेप घेता येतील. पहिला तार्किक आहे. सदसद्विवेकबुद्धीची आज्ञा करता येते काय? हुकूम पाळू नका, असा हुकूम देणे म्हणजे एका अधिकाऱ्याच्या जागी दुसरा अधिकारी बसवणे नव्हे काय? हा आक्षेप वजनदार आहे. माझे उत्तर असे की, रोमेरो यांची आज्ञा कोणतीही कृती करावयास लावीत नाही, एक कृती थांबवावयास सांगते. मारण्याचा हुकूम शिपायाच्या मनाची जागा घेतो. न मारण्याची आज्ञा त्याचे मन त्याला परत करते, पुढे काय करावयाचे हे त्याच्यावरच सोडते. शिवाय विशी न ओलांडलेल्या, वाचता न येणाऱ्या, कॅप्टनला घाबरणाऱ्या पोराला केवळ 'तू स्वतः विचार कर' एवढे सांगून भागत नाही. कॅप्टनपेक्षा मोठ्या कोणीतरी 'तुला नाही म्हणता येते' अशी ग्वाही द्यावी लागते. तरीही 'आज्ञा' हा शब्द मला थोडा खटकतो, हे नमूद करून ठेवतो.

दुसरा आक्षेप व्यवहारातला आहे आणि तो अधिक बोचरा आहे. शिपायाने नकार दिला तर त्याला गोळी. आर्चबिशपांना नुसते टाळ्यांचे दान! इतरांच्या जिवावर अहिंसा सांगणे सोपे असते. या आक्षेपाला उत्तर देण्यास रोमेरो यांना फार अवधी मिळाला नाही. लष्कराच्या दृष्टीने ते भाषण म्हणजे सरळसरळ शिस्तभंगाची चिथावणी होती. दुसऱ्या दिवशी, सोमवारी २४ मार्चला संध्याकाळी, ते जेथे राहत होते त्या कर्करुग्णांच्या 'डिव्हाइन प्रॉव्हिडन्स' रुग्णालयाच्या लहानशा प्रार्थनामंदिरात त्यांनी एका परिचित कुटुंबातील मातेच्या वर्षश्राद्धाची मिस्सा अर्पण केली. तेथे वाचलेला उतारा जमिनीत पडून मरणाऱ्या आणि त्यामुळेच पुष्कळ पीक देणाऱ्या गव्हाच्या दाण्याचा होता. प्रवचन संपता संपता, साडेसहाच्या सुमारास, दारातून एक गोळी आली.

त्यांचा अंत्यविधी ३० मार्चला, झावळ्यांच्या रविवारी झाला. कॅथीड्रलपुढच्या चौकात बॉम्ब फुटला, गोळीबार झाला, चेंगराचेंगरीत आणखी माणसे मेली व विधी अर्धवट सोडून शवपेटिका घाईने आत न्यावी लागली. यानंतर सुरू झालेले यादवी युद्ध १६ जानेवारी १९९२ च्या तहापर्यंत चालले आणि त्यात सुमारे ७५ हजार माणसे मृत्युमुखी पडली. रोमेरो यांची हाक सैन्याने ऐकली नाही, हे उघड आहे. ती ऐकून किती शिपायांनी एखाद्या रात्री नेम मुद्दाम चुकवला असेल, याची नोंद कोणत्याही कचेरीत सापडणार नाही.

खुनाचा हुकूम मेजर रोबेर्तो दोब्विसाँ यांनी दिला होता, असा निष्कर्ष संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाने १९९३ साली काढला. पण ते आधीच्याच वर्षी आजाराने वारले होते. आयोगाचा अहवाल आल्यावर थोड्याच दिवसांत त्या देशाने सर्वांना माफी देणारा कायदा केला. तो तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये रद्द ठरवला. २००४ साली अमेरिकेतील फ्रेस्नो येथील दिवाणी न्यायालयाने माजी कॅप्टन आल्वारो साराविया याला या खुनाबद्दल जबाबदार धरून एक कोटी डॉलरचा दंड ठोठावला. रोमेरो यांना १४ ऑक्टोबर २०१८ रोजी पोप फ्रान्सिस यांनी संतपद दिले. रुतिलियो ग्रांदे, वृद्ध सोलोर्सानो आणि पोरसवदा नेल्सन यांना जानेवारी २०२२ मध्ये 'धन्य' घोषित करण्यात आले.

प्रवचनांच्या ध्वनिफितींवरून पुढे त्यांचे ग्रंथ निघाले आणि आज ती छापील रूपात वाचावयास मिळतात. ती वाचताना शेजारी त्या त्या रविवारची वाचने उघडून ठेवावीत, अशी सूचना अभ्यासू मित्रांना करावीशी वाटते. त्याशिवाय निम्मा अर्थ हाती लागत नाही. चक्रातील तिसरे वर्ष फिरून फिरून येतच असते. यशया, पौल आणि ती दगडांपुढे उभी असलेली स्त्री, ही तिन्ही वाचने २०२५ साली ६ एप्रिलच्या रविवारी पुन्हा आली. यानंतर त्यांची पाळी २ एप्रिल २०२८ ला आहे.